खालच्या कप्प्यातलं शिंगरू

ओर्तो-साय गावच्या वाचनालयात मोठ्यांच्या खोलीला कुलूप लागून बरीच वर्षं झाली होती. आधी नळ फुटून भिंती भिजल्या, मग दोन खोल्यांना पुरेल एवढा कोळसा येईनासा झाला, आणि शेवटी ती खोली जुने कपडे विकणाऱ्या एका बाईला भाड्याने गेली. शेगडी उरली ती फक्त मुलांच्या खोलीत. त्यामुळे हिवाळ्यात नदी गोठली की गावातले वाचणारे, न वाचणारे, बायकोने घराबाहेर काढलेले, सगळे तिथेच येऊन बसत. खुर्च्या पहिलीच्या पोरांच्या मापाच्या. गुडघे हनुवटीला टेकवून बसलेले ते बाप्ये लांबून पाहिले तर नापास होऊन मागे राहिल्यासारखे दिसत.

बसायला कोणाची ना नव्हती. पण शेगडीपाशी बसायचं तर हातात पुस्तक घ्यायचं, आणि ते सोनुन देईल तेच घ्यायचं.

सोनुन तिथली ग्रंथपाल. पस्तिशीची, उंच, हाडापेराने मोठी, रुमाल कपाळावर इतका आवळून बांधणार की भुवया वर ओढल्या जाव्यात. माणूस आत आला की आधी त्याचे बूट बघायची, मग तोंड, मग फडताळाकडे वळायची. तेवढ्यात तिला काय सापडायचं कोण जाणे. पण जे पुस्तक हातात यायचं ते माणसाच्या बरोबर दुखऱ्या जागी बोट ठेवायचं. वर म्हणायची, "घ्या. सगळ्या वयाच्यांनी वाचावं असं आहे." तिचं मत असं, की मोठ्यांच्या पुस्तकात माणसाला लपायला फार जागा असते. पोरांच्या पुस्तकात लपता येत नाही.

मामिरकुल खाटकाने त्याचा म्हातारा कुत्रा थंडीत अंगणात बांधून ठेवला आणि तो तसाच आखडून मेला, ही गोष्ट गावाला माहीत होती. कोणी त्याला बोललं नव्हतं. सोनुननेही नाही. तिने त्याला आठ वर्षांच्या पोरांचं एक पुस्तक दिलं. त्यात कुत्रा स्वतःच्या तोंडाने गोष्ट सांगतो. मालक आणखी लांब दोरी आणायला गेलाय, येईलच आता, एवढंच तो शेवटच्या पानापर्यंत सांगत राहतो. मामिरकुलने ते एका बैठकीत वाचलं, टेबलावर ठेवलं आणि म्हणाला, "ताई, तुम्ही वाईट बाई आहात."

"दुसरं देऊ?"

"द्या," मामिरकुल म्हणाला.

असं होतं ते. न्हाव्यापुढे मान द्यावी तशी माणसं तिच्यापुढे मान द्यायची. भीतीही वाटायची आणि परत यावंसंही वाटायचं.

आणि या सगळ्याला एक साक्षीदार होती. शाळा सुटली की जिबेक येऊन शेगडीच्या मागच्या कोपऱ्यात बसायची. पंधरा वर्षांची, सोनुनसारखीच उंच, तिच्यासारख्याच रुंद मनगटांची. जिभेखाली कुरुताची, म्हणजे वाळवलेल्या दह्याची, खारट गोळी धरून पानं उलटायची. पण तिचं अर्धं लक्ष पुस्तकात आणि अर्धं सोनुनच्या हातांवर असायचं, कोणत्या माणसाला कोणत्या कप्प्यातून काय निघतंय त्यावर.

ती सोनुनची मुलगी होती आणि सोनुनला वहिनी म्हणायची.

त्यात गुपित काही नव्हतं. थोरल्या मुलाचं पहिलं मूल आजी-आजोबांचं, हे आमच्याकडे भांडून ठरवायचं नसतं. सोनुन बाळंतीण झाली त्या आठवड्यातच सासू उमसुन आली. तिने ती कापडात गुंडाळलेली पोर आपल्या झग्याच्या गळ्यातून आत घेतली, पोटावरून सरकवत खालून बाहेर काढली आणि म्हणाली, झालं, ही माझी. तेव्हापासून जिबेक उमसुनला आपा म्हणते, म्हणजे आई. आणि सख्ख्या बापाला दादा. सोनुनला मागाहून दोन मुलगे झाले. ते सोनुनला आपा म्हणतात. ओढ्याअलीकडे सोनुनचं घर, पलीकडे सासूचं. सणाला सगळे जेवायला एका फडक्याभोवती बसले, की मुलगे ओरडायचे, "आपा, नान दे." आणि त्याच फडक्यावरून जिबेक म्हणायची, "वहिनी, चहा द्या ना." सोनुन तिघांनाही द्यायची.

पण तिला वर्षानुवर्षं एक गोष्ट हवी होती. त्या पोरीने एकदा, कोणी नसताना, हळू आवाजात का होईना, तिला आपा म्हणावं. एकदाच. मग पुन्हा वहिनी म्हटलं तरी चालेल.

हे ती मागू शकत नव्हती. दिलेलं मूल मागे मागणारी सून म्हणजे थुंकलेलं चाटणारी. कुबातजवळ, म्हणजे नवऱ्याजवळ, एकदा तिने विषय काढला होता. त्याने टोपी डोक्यावर चढवली आणि मेंढरं बघायला गेला. मेंढरं तेव्हा वर डोंगरात होती.

त्या हिवाळ्याच्या सुरुवातीला गुलबार परत आली. मॉस्कोत झाडलोट करायला गेलेली, तिथेच राहिलेली. दोन्ही मुलं बहिणीच्या गळ्यात घालून गेली होती. आता अंगात चकचकीत कोट, ओठांना रंग. मुलं तिला बघून मावशीच्या मागे लपली म्हणे. गुलबार वाचनालयात आली ती पोरांसाठी काहीतरी न्यायला.

"ताई, छानसं काहीतरी द्या. त्यांना वाचून दाखवीन म्हणते. जरा रुळतील."

सोनुनने तिचे बूट पाहिले, तोंड पाहिलं, आणि वाकून अगदी खालच्या कप्प्यातून जाड पुठ्ठ्याचं एक पुस्तक काढलं. दोन-अडीच वर्षांच्या पोरांचं. एक घोडी शिंगराला हरवून बसते. ती मेंढीला विचारते, माझं शिंगरू पाहिलंस का? नाही बाई. कोंबडीला विचारते. नाही बाई. शेवटच्या पानावर चिखलात लोळून काळंमिचकूट झालेलं शिंगरूच उभं असतं. घोडी त्यालाही विचारते. आणि शिंगरू म्हणतं, नाही बाई, मी नाही पाहिलं. तिथे गावातली झाडून सगळी पोरं हसून लोळायची. अगं तेच तर आहे, म्हणून बोट दाखवायची.

"घे. सगळ्या वयाच्यांनी वाचावं असं आहे," सोनुन म्हणाली.

गुलबारने ते उभ्या-उभ्याच चाळलं. हसत हसत शेवटच्या पानापर्यंत आली. मग तिचं ते रंगवलेलं तोंड वेडंवाकडं झालं. पुस्तक तिने टेबलावर ठेवलं नाही, हातातून सुटलं. शेगडीपाशी बसलेल्यांपैकी कोणी मान वर केली नाही. ती गेल्यावर मामिरकुल एवढंच म्हणाला, "ताई, आज जरा जास्त झालं."

"पुस्तक पोरांचं आहे, मामिरकुल. त्यात काय जास्त होणार?"

जिबेक कोपऱ्यातून उठली, खाली पडलेलं पुस्तक उचललं, त्याची धूळ झटकली आणि ते आपल्या हाताने खालच्या कप्प्यात लावून ठेवलं. जागेवर, बरोबर. सोनुनला त्या वेळी बरं वाटलं. पोरीला जागा माहीत आहेत, असं तिच्या मनात आलं.

उमसुनच्या डोळ्यांत पडदा आला होता. उजेड-अंधार कळायचा, माणूस आवाजावरून ओळखायची. संध्याकाळी जिबेक तिला मोठ्याने वाचून दाखवी, आणि वाचायचं काय ते अर्थात सोनुन निवडून देई. सून म्हणून ती संध्याकाळी पलीकडे जायचीच. चहा करायचा, राख काढायची, म्हातारीचे पाय रगडायचे. जिबेकचा आवाज कानावर पडायचा. आपण निवडलेली वाक्यं आपल्या पोरीच्या तोंडून ऐकायची, यात सोनुनला वर्षानुवर्षं पुरेल एवढं सुख होतं. ते तिने कोणाला दाखवलं नाही.

मग एक दिवस पाय रगडता रगडता उमसुन म्हणाली, "वसंतात पोरीला बिश्केकला धाडणार हाय. थोरलीकडं. तिकडं शिकंल, तिकडंच उजवू."

थोरली म्हणजे उमसुनची मुलगी. सोनुनचे हात थांबले नाहीत. "बरं, आपा," ती म्हणाली.

म्हणजे हातात होता तो फक्त हा हिवाळा. दुसऱ्या दिवशी सोनुनने वाचनालय उघडलं ते शेगडीही न पेटवता. वरच्या कप्प्यासमोर ती बराच वेळ उभी राहिली. जे बोलायची तिला मुभा नव्हती ते बोलणारं पुस्तक तिला ठाऊक होतं. जाडजूड, चौदा-पंधराच्या पोरींसाठी लिहिलेलं. समुद्रातल्या एका बेटावर जहाजांसाठी दिवा लावणाऱ्या म्हातारीकडे एक मुलगी वाढते. पलीकडच्या किनाऱ्यावरून एक मासेवाली रोज होडीतून येते, मासे देते, मुलीकडे बघते आणि जाते. ती मुलीची आई असते. म्हातारीने बोलायची बंदी केलेली असते. शेवटी मुलगी एकटी होडी वल्हवत पलीकडे जाते आणि त्या बाईला हाक मारते. आयुष्यभर दुसऱ्यांच्या दुखऱ्या जागांवर बोट ठेवत आलेल्या सोनुनला वाटलं, या पुस्तकाने एकदा आपलं काम करावं. आपण जिभेने काही सांगितलं नाही, असं तर राहील.

"हे घे," ती जिबेकला म्हणाली. "आपाला वाचून दाखव. पण नीट वाच. घाई करू नकोस."

जिबेकने पुस्तक उलटसुलट करून पाहिलं, मग सोनुनच्या तोंडाकडे पाहिलं. "सगळ्या वयाच्यांनी वाचावं असं आहे का, वहिनी?"

"आहे."

पहिले काही दिवस म्हातारी गुमान ऐकत होती. मासेवाली पहिल्यांदा आली त्या संध्याकाळी तिने जपमाळ थांबवली. सोनुन चुलीपाशी कणकेचे बोरसोक तळत होती. तिच्या पाठीला ते थांबणं जाणवलं.

"जिबेक, जा, शेजारून दही घेऊन ये," उमसुन म्हणाली. पोर गेली. दार लागलं. म्हातारी आंधळ्या डोळ्यांनी बरोबर चुलीच्या दिशेने बघत होती.

"डोळं गेलं म्हंजे कान बी गेलं वाटलं का गं तुला?"

"काय झालं, आपा?"

"काय झालं म्हनं. कागदाकडून वदवून घ्यायलीस व्हय? तोंड न्हाई तुला?"

"तुम्हीच बंद केलंत ना ते." सोनुनला स्वतःचाच आवाज परका वाटला. इतक्या वर्षांत तिने सासूला उलट उत्तर दिलं नव्हतं. तेल कढईत तडतडत होतं.

उमसुन हसली. तिला दात नव्हते, त्यामुळे ते हसणं तान्ह्या मुलासारखं दिसायचं. "म्या बंद केलं. बरं. म्या पोर घेतली ती बी जबरदस्तीनं, न्हाई का? आठव जरा. म्या दारात उभी व्हते. तू काय म्हनलीस मला? म्हनलीस, आपा, लवकर न्या, मला शिकायला जायचंय, जागा मिळालीया. दूध बी तूच बांधून घेतलंस, छातीला फडकं आवळून. माझ्या हातानं बांधलं म्या ते. पोर रडत व्हती आन् तू बॅग भरत व्हतीस."

ते खरं होतं. सोनुन तेव्हा एकोणीस वर्षांची होती. तिला गावातून बाहेर पडायचं होतं, पुस्तकांत राहायचं होतं, आणि रीत आयतीच धावून आली होती. परत येताना तिने ठरवलं, की पोर आपल्याकडून घेतली गेली. मग इतकी वर्षं ते तसंच घोटत ती जगली.

"मग सांगा तिला तेही," ती शेवटी म्हणाली. "उद्या वाचन बंद करा."

"बंद कशाला करू? गोष्ट झ्याक हाय. शेवटपातुर ऐकनार म्या." उमसुनने जपमाळ पुन्हा सुरू केली. "ते बोरसोक करपलं बघ. वास यायलाय."

म्हातारी बोलली तसं वागली. रोज संध्याकाळी वाचन झालं. सोनुन चुलीपाशी, तोंड भिंतीकडे. फक्त आता उमसुन मध्ये मध्ये थांबवून विचारायची, अगदी साधेपणाने, नातवंडाला विचारावं तसं.

"ती मासेवाली रोज येती म्हंतीस. मग रातच्याला कुठं जाती?"

"आपल्या घरी, आपा."

"घर हाय तिला?"

"आहे. दोन मुलगे आहेत."

"त्यांना कवा दिलं न्हाई तिनं कुनाला?"

जिबेकने पान चाळल्याचा आवाज झाला. "नाही. तसं काही लिहिलेलं नाही."

"असू दे. वाच पुढं."

सोनुनला वाटलं होतं की पुस्तक पोरीशी बोलेल. ती विसरली होती की मोठ्याने वाचलेलं पुस्तक ऐकणाऱ्याच्याही हातात जातं. दिवसेंदिवस तिने आपल्या डोळ्यांदेखत ती मासेवाली काळी पडताना पाहिली. आधी बिचारी होती, मग लबाड झाली, मग नुसतीच भित्री. लेखकाने एक शब्द बदलला नव्हता. तरी ती वाट बघत होती. शेवटच्या प्रकरणात हाक होती. ती हाक जिबेकच्या तोंडून निघायची होती, मग ती मासेवालीला का असेना.

तेवढंही तिच्या वाट्याला आलं नाही. नेमकी त्या संध्याकाळी उमसुन म्हणाली, "सोनुन, आज तू जा घरला. पोरं उपाशी असतील तुझी." सासूचा शब्द. सोनुन ओढा ओलांडून घरी आली आणि पोरांना वाढलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी जिबेक वाचनालयात आली. बाहेर बर्फ भुरभुरत होतं. शेगडीभोवती नेहमीची माणसं होती. मामिरकुल बुटकं स्टूल घेऊन बसला होता, हातात खारूताईंचं काहीतरी. जिबेकने बूट झटकले, ते जाड पुस्तक टेबलावर ठेवलं आणि हातमोजे काढले.

सोनुनने विचारलं ते रोज सगळ्यांना विचारायची तेच. "कसं वाटलं?"

"चांगलं आहे. शेवट खोटा आहे."

"कसा काय?"

"ती होडी घेऊन जाते ना, ते. कशाला जाईल ती? समुद्र त्या बाईलाही ओलांडता येत होताच. रोज ओलांडत होती, मासे विकायला. तोंड उघडायचं नव्हतं तिला, म्हणून पोरीने वल्हवत जायचं." जिबेक शांतपणे बोलत होती. शाळेत धडा समजावून सांगावा तशी. "आपा म्हणाली, तुला जायचंय का पलीकडे? जा, मी अडवणार नाही."

मामिरकुलची खारूताई थांबली होती.

सोनुनला सगळ्यांसमोर विचारायचं नव्हतं, पण आता दुसरी वेळ येणार नव्हती. "तुला कळलं का, जिबेक? ते पुस्तक मी का दिलं ते?"

"कळायचं काय त्यात? मला शाळेत जायच्या आधीपासून माहीत आहे. इथे कोणाला माहीत नाही?" तिने कोपऱ्यातल्या सगळ्यांवरून नजर फिरवली. सगळे आपापल्या पुस्तकात घुसले. "मी वाट बघत होते. तुम्ही कधीतरी म्हणाल म्हणून. गेल्या वर्षीपर्यंत बघत होते. मग कंटाळा आला, वहिनी."

मग तिने सोनुनचे बूट पाहिले. मग तोंड पाहिलं. सावकाश, जराही न गोंधळता. आणि फडताळाकडे वळली.

सोनुनला तेव्हाच कळलं. पोरगी वरच्या कप्प्याशी थांबली नाही, मधल्याशी नाही. ती खाली वाकली. न शोधता तिचा हात जाड पुठ्ठ्याच्या त्या पुस्तकावर गेला. ते तिने बाहेर काढलं, कोटाच्या बाहीने पुसलं आणि दोन्ही हातांनी सोनुनपुढे धरलं. मोठ्या माणसाला वस्तू देतात तसं, अदबीने.

"घ्या. सगळ्या वयाच्यांनी वाचावं असं आहे."

मागे कोणीतरी खोकलं. मामिरकुल उठला, टोपी घेतली आणि दार उघडून बर्फात निघून गेला. त्याला एवढं कधी लागलं नव्हतं.

सोनुनने पुस्तक घेतलं. उघडलं. मेंढी, नाही बाई. कोंबडी, नाही बाई. ती एकेक पान उलटत गेली, कारण दिलेलं पुस्तक नाकारायचं नाही हा नियम तिचाच होता. शेवटच्या पानाशी तिचा अंगठा थांबला आणि तिने मान वर करून पोरीकडे पाहिलं. ती रुंद मनगटं. वर ओढलेल्या भुवया. घाव नेमका कुठे बसला ते बघत उभी राहण्याची ती पद्धत. उमसुनने वाढवलेल्या पोरीत उमसुनचं यातलं काही नव्हतं. अख्ख्या ओर्तो-सायमध्ये अशी अचूक निवड करणारं दुसरं माणूस नव्हतं, आणि ज्या एकीने ती केली ती कोणाच्या पोटची आहे हे आता कोणी सांगायची गरज उरली नव्हती. इतक्या वर्षांत सोनुनला मिळालेली आपली अशी पहिली खूण तीच.

तिने शेवटचं पान उलटलं आणि वाचलं.

"परत कधी आणून देऊ?" तिने विचारलं. वाचायला आलेले सगळे विचारतात तसंच.

"घाई नाही, वहिनी," जिबेक हातमोजे चढवत म्हणाली. "तुमच्याकडेच असू दे. आणि आपाने सांगितलंय, आज जरा लवकर या. तिचे पाय दुखतायत."